पलंगाखालची गळती

सगळे नळ बंद असूनही आमच्या कॅरॅव्हॅनचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा, पंप मधूनमधून घुरघुरत होता, म्हणजे पाणी कुठेतरी गळत होतं. काका बेसिनखालचा सांधा आवळत बसले होते. "तुमच्या पलंगाखालूनही पाइप जातो, तिथे बघा ना," मी हळूच म्हणाले.

"इंग्लिश मीडियममध्ये प्लंबिंगपण शिकवतात वाटतं?" काका म्हणाले. सगळे हसले.

मग मी एकटीनेच पाइपांखाली कोरडे कागद पसरले. काकांच्या पलंगाखालचाच भिजला. गादीखालची फळीही ओली लागली. भिजलेला कागद मी चुरगळून कचऱ्यात टाकला. पाणी गळतं एकीकडे आणि दिसतं भलतीकडे. अपमानाचंही तसंच असावं.

जेवून काका आडवे झाले.

"पाठ गार का लागतेय गं?"

"एसी असेल, काका," मी म्हणाले आणि त्यांच्या अंगावर नीट पांघरूण घातलं.