दुसऱ्याच्या फोनवरचा निरोप

माझ्या वरच्या ओळीतला डावीकडचा सुळा तिने केलेला आहे. दंतवैद्यांनी तो बसवला आणि आरसा हातात दिला, तेव्हा माझा कुठला आणि बनवलेला कुठला, हे मला सांगता येईना. "हे करतं कोण?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "एक बाई आहेत. पेशंटला कधी दिसत नाहीत." पुढे आमची ओळख झाली आणि ही हकिगत तिने मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. सांगताना ती एकदाही रडली नाही. पण दोनदा मध्येच थांबून तिने भलतंच काहीतरी बोलायला सुरुवात केली होती.

डॉक्टर तोंडाचं माप घेतात. त्या मापावर प्लास्टरचा साचा ओतायचा, साच्यावर मेणाचा दात कोरायचा आणि त्यावरून कॅप किंवा कवळी घडवायची, हे तिचं काम. बावीस वर्षं ती हेच करत आली. शिकत असताना तिच्या हातात सदानकदा कोरणी असायची, म्हणून वर्गातल्या एका मैत्रिणीने तिचं नावच कोरणी पाडलं. त्या मैत्रिणीचं तोंड सकाळपासून वाजत असे, म्हणून हिने तिला घंटी म्हणायला सुरुवात केली. दोघींची पंचेचाळिशी उलटली तरी नावं तीच राहिली.

दोघींनी मिळून लॅब काढली. पुढच्या खोलीत घंटीचं टेबल, फोन आणि डॉक्टरांकडून आलेले डबे. मध्ये प्लायवूडची भिंत. मागच्या खोलीत कोरणीचं बाक, भट्टी आणि पॉलिशचं मशीन. घंटीला कोरता येत नव्हतं असं नाही, पण तासभर एका जागी बसणं तिच्या जिवावर यायचं. उलट कोरणीला अनोळखी डॉक्टरशी चार वाक्यं बोलायची म्हटली तरी घाम फुटायचा. वाटणी आपोआप झाली. लॅबची सगळी कागदपत्रं घंटीच्या नावावर होती. "ते कागदांचं झेंगट तूच बघ, मला त्यातलं कळत नाही," असं कोरणीनेच म्हटलं होतं.

पॉलिशचं मशीन दिवसभर किरकिरतं. म्हणून वाढदिवसाला घंटीने तिला कानात घालायचे बिनवायरचे इअरबड्स दिले. खोकं घंटीनेच फोडलं, आधी स्वतःच्या फोनला जोडून एक गाणं वाजवलं आणि मग तिच्या हातात ठेवले. "घे. आता तुझे कान तुझे, माझी बडबड माझी." तेव्हापासून काम करताना कोरणी कादंबऱ्यांची वाचनं ऐकायची. एकेक कवळी एकेका कादंबरीत पुरी व्हायची, असं ती हसून सांगायची.

काही महिन्यांनी इअरबड्स रडायला लागले. ऐन रंगात आलेलं वाचन तुटायचं. कधी घंटी लॅबमध्ये शिरली की तुटायचं, आणि ती बाहेर गेली की परत जुळायचं. डावा तर चार्जच होईना. रात्रभर डबीत ठेवला तरी सकाळी मेलेलाच.

त्याच सुमारास घंटीने कामाला दोन नव्या बायका आणल्या. दोघींचे हात बऱ्यापैकी तयार होते. "यांना तुझं सगळं शिकव," घंटी म्हणाली. "शेड कशा जुळवतेस, पोर्सेलेनची कुठली पूड किती घेतेस, सगळं एका वहीत लिहून काढ. उद्या तू आजारी पडलीस तर मी काय करू?" कोरणीला ते पटलं, किंबहुना बरंच वाटलं. दातांचा रंग एक नसतो. मुळाशी पिवळट, टोकाशी जरा निळसर, आणि म्हाताऱ्या माणसाच्या दाताला चहाचा आणि वयाचा म्हणून एक रंग असतो. हे तिने कधी कुणाला शब्दांत सांगितलं नव्हतं. आता रोज दुपारी तासभर त्या दोघींना जवळ बसवून ती सांगायची आणि वहीत लिहायची. संध्याकाळी घरी गेल्यावर नवरा विचारायचा, "आज काय केलंस?" ती सांगायची, "आज त्यांना सिगरेट ओढणाऱ्याचा दात शिकवला." तो म्हणायचा, "छान."

एका शनिवारी ती कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे इअरबड्स घेऊन गेली. त्याने डबी उघडून भिंगातून पाहिली.

"ताई, तुम्ही पिठाच्या गिरणीत काम करता का?"

"दात करते."

"तरीच. हे बघा, डबीच्या तळाशी या दोन पितळी टाचण्या. यांच्यावर तुमचं प्लास्टर बसलंय. कोरड्या कापसाने पुसा, पाणी लावू नका. चार्ज व्हायला लागेल." मग त्याने विचारलं, "दुसऱ्या कुठल्या फोनला जोडले होते का कधी?"

"नाही," ती म्हणाली. वाढदिवसाचं ते गाणं तिच्या ध्यानातच आलं नाही.

"मग एकदा रीसेट करून टाका. आधी तुमच्या फोनमधून यांचं नाव काढायचं. मग दोन्ही डबीत ठेवायचे, झाकण उघडं ठेवायचं आणि मागचं बटण दाबून धरायचं. दिवा लाल-पांढरा लुकलुकला की सोडायचं. मग ते सगळं विसरतात. कोरी पाटी. नव्याने जोडा."

सोमवारी दुपारी दोन वाजता, जेवणानंतर, नव्या दोघी चहाला खाली गेलेल्या असताना ती बाकावर हेच करायला बसली. टाचण्या पुसल्या. एवढंसं प्लास्टर निघालं, नखावर मावेल इतकं. डावा डबीत ठेवताच दिवा लागला, तेव्हा तिला लहान पोरासारखा आनंद झाला. अर्धा तास चार्ज होऊ दिला. मग फोनमधून त्यांचं नाव काढून टाकलं. बटण दाबायच्या आधी डावा खरंच जिवंत झालाय का, म्हणून दोन्ही कानात घातले. टिंग झालं. म्हणजे कुठेतरी जोडले गेले. तिच्या फोनमधून तर नाव काढलं होतं. तिला वाटलं, सवयीने वाजलं असेल.

तेवढ्यात कानात एक पुरुषाचा आवाज बोलायला लागला.

"मॅडम, लॅब आमच्या कंपनीकडे आली की पहिल्या तारखेला दात बनवणारी यंत्रं लागतायत. तुमची मॅनेजरची जागा पक्की. आमच्या दोघी म्हणतायत, अजून पंधरा दिवसांत सगळं हातात येईल. तोवर तुमच्या कारागीर बाईंना काही कळू देऊ नका. वही पुरी झाली की मग सावकाश सांगा. हाताने कोरणाऱ्यांना आमच्याकडे जागा नाही, ते तुमचं-आमचं बोलणं झालंच आहे."

प्लायवूडच्या पलीकडून घंटीचा आवाज आला, "याचा आवाज कुठे गेला?" आणि तो रेकॉर्ड केलेला निरोप पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. घंटीला ऐकू येत नव्हतं, म्हणून ती पुन्हापुन्हा लावत होती. कोरणीने तो तीनदा ऐकला. पहिल्यांदा तिला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल आहे. दुसऱ्यांदा 'आमच्या दोघी' हे शब्द कळले. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून घेतले.

मग तिने इअरबड्स काढले, डबीत ठेवले आणि बटण दाबून धरलं. का, ते तिलाही सांगता येत नाही. हात आपला हातातलं काम पुरं करत होता. दिवा लाल-पांढरा लुकलुकला. तिने बटण सोडलं, हात पुसले आणि ती पुढच्या खोलीत गेली.

"घंटी, तुझा निरोप माझ्या कानात वाजला."

घंटीने फोन टेबलावर उलटा ठेवला.

"मी तुला सांगणारच होते," ती म्हणाली.

"कधी? वही पुरी झाल्यावर?"

"तुला काय वाटतं, मला हे सोपं गेलं? डॉक्टर लोक आता यंत्रावरचे दात मागतात. तासाभरात हवे असतात त्यांना. तू एकेका दाताला दिवस लावतेस. आज ना उद्या लॅब बसलीच असती. निदान एकीचं तरी भागलं."

"मग तसं म्हणायचंस. मी रडले असते, भांडले असते. पण माझ्या हातून माझंच काम काढून घेतलंस आणि वर मला म्हणत होतीस, किती सुंदर शिकवतेस गं."

"सुंदरच शिकवत होतीस," घंटी म्हणाली. ते तिने मनापासून म्हटलं, आणि तेच कोरणीला सगळ्यात जास्त लागलं. मग खिडकीकडे बघत घंटी पुढे बोलली, "मी एकटीने नाही ठरवलं. भावजींनाही विचारलं होतं."

भावजी म्हणजे कोरणीचा नवरा.

ती तशीच घरी आली. नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरीला. त्या दिवशी त्याची सुट्टी होती आणि तो स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलत खाली बसला होता. तिला वेळेआधी आलेली पाहून म्हणाला, "अगं, इतक्या लवकर?"

"घंटी तुम्हाला भेटली होती?"

त्याच्या हातातला पाना थांबला. "महिना झाला. कचेरीत आली होती. म्हणाली, हिला कसं सांगू ते कळत नाही. मी म्हटलं, आत्ताच नको. तू कामात होतीस, किती दिवसांनी खुशीत होतीस. झोप उडाली असती तुझी."

"अहो, रोज संध्याकाळी तुम्ही विचारायचात, आज काय केलंस. मी सांगायचे, आज अमुक शिकवलं. आणि तुम्ही 'छान' म्हणायचात."

तो पाना फडक्याने पुसायला लागला.

"मी कशाचं वाटोळं करून घेतेय, ते तुम्हाला माहीत होतं. आणि तुम्ही छान म्हणायचात."

"मी कुणाचं वाईट नव्हतं केलं गं," तो म्हणाला. त्याचं चुकलं कुठे, हे त्याला खरंच कळत नव्हतं. सुट्या केलेल्या नळातून पाणी ठिबकत होतं. तिने वरचा कॉक फिरवून ते बंद केलं आणि ती आतल्या खोलीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ती लॅबमध्ये गेली, कारण तीन कामं अर्धी होती आणि त्या पेशंटांचा त्यात काही दोष नव्हता. दोन कॅप आणि एका निवृत्त टपालवाल्याची कवळी. तीन दिवसांत तिने ती पुरी केली. त्या दिवसांत नव्या दोघींपैकी थोरली तिच्या बाकाशी येऊन उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "आम्हाला वाटलं होतं, तुम्हाला ठाऊक आहे." कोरणीने कवळी पॉलिशच्या मशीनला लावली. शेवटच्या दिवशी जाताना कोरणीने वही पिशवीत घातली.

घंटी दारात आली. "वही लॅबची आहे."

"कागद लॅबचा असेल. लिहिलंय मी."

घंटीने हात पुढे केला नाही. कोरणी जिना उतरली.

आता लोकांना वाटतं की पुढे घंटीची लॅब बुडाली असेल, यंत्रावरचे दात कुणाला आवडले नसतील. तसं काही झालं नाही. लॅब चालते, चांगली चालते. नव्या दोघी हुशार होत्या आणि दोन तृतीयांश वही त्यांना शिकवून झालेलीच होती. घंटीने काही निरोप पाठवले, कोरणीने ते न ऐकताच पुसले. एकदा ती घराखाली येऊन उभी राहिली होती, तेव्हा हिने वरून पाहिलं आणि पडदा ओढला. मग येणं थांबलं.

कोरणी चार महिने घरी होती. त्यानंतर माझ्याच डॉक्टरांनी दंतमहाविद्यालयात शब्द टाकला. तिथे मुलांना मेणाचे दात कोरायला शिकवणारं कुणी हवं होतं. यंत्र चालवायचं तरी दात मुळात कसा असतो, ते हाताला कळावं लागतं, असं तिथल्या प्राध्यापकांचं म्हणणं. आठवड्याचे चार दिवस. पहिल्या दिवशी चाळीस मुलं समोर असताना ती सगळा तास फळ्याकडे तोंड करून बोलली. दुसऱ्या आठवड्यात ती फळ्याकडे पाठ करून बोलायला लागली.

नोकरी लागल्याचं तिने नवऱ्याला सांगितलं नाही. मुद्दाम नाही, असं ती म्हणते. सांगायचं सुचलंच नाही. सकाळी तो कचेरीत गेला की ही निघायची आणि तो यायच्या आत परतायची. नवव्या दिवशी त्याला दाराच्या खुंटीला तिचं महाविद्यालयाचं ओळखपत्र लटकलेलं दिसलं. त्याने ते हातात घेऊन वाचलं.

"किती दिवस झाले?"

"आठ."

त्याने ओळखपत्र परत खुंटीला लावलं, हात धुतले आणि तो जेवायला बसला. ती म्हणते, त्याचा चेहरा पाहून आपल्याला समाधान वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. तिने त्याला वाढलं, स्वतःला वाढून घेतलं, आणि दोघंही जेवली.