वायरच्या टोकाची टोपी

मी लहान असतानाचं घर आठवलं की आधी मायची बोटं आठवतात. साड्यांवर टिकल्या चिकटवून बोटांच्या टोकांवर गोंदाचा थर बसलेला असायचा, तो भाकरी थापताना धग लागून ओढायचा. व्यापाऱ्याचा माणूस सकाळी साड्यांचं गाठोडं टाकून जायचा आणि संध्याकाळी मोजून परत न्यायचा. घरातल्या सगळ्या बायका त्या गाठोड्याभोवती बसलेल्या. मी अभ्यासही तिथेच केला. माझ्या वह्यांच्या पानांत टिकल्या निघायच्या. आबा, म्हणजे माझे वडील, पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या मिलमध्ये बारा तासांची पाळी करायचे. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. मिलमध्ये कुठला रंग चालू आहे ते त्यांच्या नखांवरून कळायचं.

त्या घरातून मी बी.एस्सी. झाले. गणित घेऊन. आमच्या भाऊबंदांत तोवर कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, म्हणून हे मी मुद्दाम लिहिते. निकालाच्या दिवशी आबांनी मिलमध्ये पेढे वाटले. घरी आल्यावर म्हणाले, "शिकली ते चांगलं झालं. पण नोकरीला बाहेर जायचं नाही. काय करायचं ते घरात बसून कर."

मी वर्षभर कॉम्प्युटरच्या क्लासला गेले होते, तेवढ्यावर घरात बसून करायचं काम मी शोधून काढलं. साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं कॉम्प्युटरवर तयार करून घेणारे एक गुजराती शेठ होते. त्यांनी आमच्या घरी दोन जुने कॉम्प्युटर ठेवले. एक माझ्यासाठी, एक वहिनीसाठी. वहिनी बारावी झालेली, धुळ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन आमच्याकडे आलेली. भाऊ इच्छापोरला कारखान्यात कंत्राटावर असायचा, सकाळी जाऊन अंधार पडल्यावर यायचा. वहिनीचा हात फार साफ. डिझाइनमधली फुलं-पानं ती स्वच्छ करून द्यायची आणि मग मी त्यांचे रंग वेगळे करायचे. प्रत्येक रंगाची एक फाइल. दर मंगळवारी शेठचा माणूस नवी डिझाइनं घेऊन टेम्पोने यायचा आणि माझ्या मशीनमधली डिस्क काढून तयार माल घेऊन जायचा.

आता अडचण काय होती ते सांगते. भेस्तानातलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या, एकामागे एक. पुढची बैठकीची, मागचा स्वयंपाक. वहिनी आबांसमोर खुर्चीवर बसायची नाही. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर खाली बसते, तीही पदर घेऊन, आणि शक्यतो बसतच नाही. तेव्हा तिचं मशीन स्वयंपाकाच्या खोलीत आणि माझं पुढे. तिचं झालेलं काम माझ्या मशीनवर आणायचं तर फ्लॉपीत भरायचं. एका फ्लॉपीत एक डिझाइन मावायचं नाही. सहा-सात फ्लॉप्यांवर तुकडे करून घालायचे, आणि पाचवी खराब निघाली की सगळं पहिल्यापासून.

रात्रपाळीच्या आठवड्यात तर कहर. आबा दिवसा पुढच्या खोलीत झोपायचे. दक्षिणेकडे पाय करायचे नाहीत, म्हणून त्यांचे पाय बरोबर मधल्या दाराच्या उंबऱ्यावर यायचे. आणि निजलेल्या माणसाला ओलांडायचं नाही, वडिलांना तर नाहीच. मग मी मागच्या दाराने बाहेर, गटाराच्या कडेच्या बोळातून सहा घरं मोजत, कोपऱ्याला वळून पुन्हा पुढच्या दाराने आत. हातात फ्लॉप्या. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. कोपऱ्यावरच्या मावशी भाजी निवडत बसलेल्या असायच्या.

"पोस्टमनबाई, मनं पत्र उनं का व?"

"नाही हो मावशी, तुमच्या माहेरचे विसरले तुम्हाला."

मावशी हसायच्या, मीही हसायचे, आणि आत येऊन खुर्चीत बसलं की वाटायचं, पंधरा वर्षं शिकून मी नेमकी किती लांब आले? सहा घरं. मायचं गाठोडं निदान बाहेर तरी जायचं. खिडकीच्या जाळीतून ऑफिसला जाणाऱ्या मुलींच्या फक्त चपला दिसायच्या, कारण आमचं जोतं खाली आणि रस्ता वर होता. चपलांवरून मी त्यांना ओळखायला लागले होते.

श्रावण लागला तेव्हा एका मंगळवारी शेठ स्वतःच आले. निम्मी डिझाइनं वहिनीच्या मशीनमध्ये अडकलेली, फ्लॉप्या फुटलेल्या. त्यांनी चहा घेतला, कप ठेवला आणि सांगितलं, "बेन, बेउ मशीन साथे चाले तो राखो. नहितर एक पाछुं मोकली दो." दोन्ही एकत्र चालत असतील तर ठेवा, नाहीतर एक परत. मुदत पुढच्या मंगळवारपर्यंत.

परत जाणारं मशीन कुठलं ते कोणी बोललं नाही. मधल्या दाराआड वहिनी भांडी घासत होती, ती घासायची थांबली. तिचं मशीन गेलं तर तिच्यासमोर पुन्हा गाठोडं येणार होतं. त्यात ती माझ्यासारखी बोळातून फिरायलाही जात नव्हती. तिचं जग म्हणजे ती खोली आणि तो कॉम्प्युटरचा पडदा.

दुसऱ्या दिवशी मी क्लासच्या सरांकडून दोन मशीन एकमेकांना जोडायची दोन जुनी कार्डं आणि एक काळी वायर आणली. वायरच्या दोन्ही टोकांना इंग्रजी टी अक्षरासारखा जोड होता. टीची एक बाजू मशीनला, एक बाजू वायरला आणि उरलेल्या बाजूवर बोटाच्या पेराएवढी धातूची टोपी घट्ट बसवलेली. सर म्हणाले, "जोडलंय तसंच लाव." बाकीचं त्यांनी कागदावर लिहून दिलं. मी मशीन उघडून कार्डं बसवली. वायर भिंतीच्या कडेने खिळ्यांवरून नेली आणि मधल्या दाराच्या चौकटीला भोक पाडून आत घेतली. प्रत्येक मशीनला वेगळं नाव द्यायचं होतं. मी माझ्याला 'बाहेर' दिलं आणि वहिनीच्याला 'आत'. दोघांचा गट एकच हवा, त्याला 'घर'. मग वहिनीच्या मशीनवर कामाच्या फोल्डरला वाटून घ्यायची परवानगी दिली. तिथे त्या फोल्डरच्या चित्राखाली एक हात उमटला, ताट धरल्यासारखा.

गुरुवारी दुपारी माझ्या पडद्यावर 'आत' दिसलं. मी ते उघडलं तर वहिनीची फुलं. भली मोठी फाइल, एकही फ्लॉपी न लागता माझ्याकडे आली. मी ओरडले, "वहिनी, आलं!" आणि आबांनी झोपेत कूस बदलली. तरी आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती उठून उभी राहिली असणार.

शनिवारी सकाळी ते बंद होतं.

'आत' नाहीच. वहिनीच्या पडद्यावर 'बाहेर' नाही. रविवारी आमची कानबाई बसणार होती. आमच्यासारख्या खानदेशातून आलेल्या घरांत नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी बसते. तिच्यासाठी घर रंगवायचं, पितळी भांडी लखलखीत करायची, नैवेद्याच्या रोटांचं दळण वेगळं दळायचं. माय, वहिनी, सगळ्या कामात बुडालेल्या, आणि मी दोन्ही मशीन पोटातून उघडून बसलेली. कार्डं काढून पुन्हा घातली. कागदावरची एकेक ओळ पुन्हा केली. नावं पुसून पुन्हा तीच दिली. फोन करून सरांना विचारायचं सुचलं होतं, पण मी मुद्दाम विचारलं नाही. दोन दिवसांपूर्वीच त्यांना ऐटीत सांगितलं होतं की सगळं एकटीने केलं म्हणून.

वहिनी एकदा हात पुसत दारापर्यंत आली. "ताई, ते वायरना टोकले..."

"वहिनी, तुला त्यातलं काय कळतं? भांडी आटप."

हे मी बोलले. ती लगेच परत फिरली.

रविवारी कानबाई बसली. पाहुणे, गाणी, रोट. कोणी विचारलं की पोरगी देवीसमोर का नाही, तर माय सांगायची, "तिना कॉम्प्युटर आजारी शे." सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन झालं आणि दुपारी घर एकदम रिकामं झालं. आबा पुढच्या खोलीत चहा घेत होते. मी जमिनीवर बसले होते, समोर उघडं मशीन. मी त्यांना म्हणाले, "आबा, उद्या वहिनीचं मशीन द्यावं लागेल. मला जमलं नाही."

आबांनी बशीत चहा ओतला.

तेवढ्यात आतून वहिनीचा आवाज आला. ती आबांशी बोलत नव्हती. आमच्याकडे सुनेला सासऱ्याला काही सांगायचं असेल तर ती भिंतीला सांगते, भांड्याला सांगते. ती हातातल्या तांब्याला म्हणाली, "शुक्रवारले चुना देताना कोणीतरी वायरनी टोपी काढी ठेवी व्हती म्हने. पानांना डबामा."

पान्यांचा डबा आबांचा. नट, बोल्ट, वायसर, कुठलंही सुटं लोखंड दिसलं की त्यात. मी वळून माझ्या टीकडे पाहिलं. त्याची तिसरी बाजू उघडी होती. आबांनी भिंतीला चुना द्यायला वायर खिळ्यांवरून उतरवली होती आणि पुन्हा नीट लावलीही होती. तीन दिवस मी स्क्रू, कार्डं, नावं, सगळं पाहिलं होतं. तिथे काही असायचं हेच विसरले होते.

आबा उठले, फळीवरून डबा काढला, जमिनीवर उपडा केला. टोपी दोन नटांच्या मध्ये निघाली. चुन्याचा एक ठिपका तिच्यावर.

"याच्या पुढे काही जोडलेलं नव्हतं," आबा म्हणाले. "रिकामी टोपी दिसली. मी म्हटलं, पडून हरवेल." मग दाराकडे पाहून जरा मोठ्याने, "पन ज्यानी पाह्यं त्यानं तोंड काय शिवेल व्हतं का तीन दिवस?"

आतून मग तांब्याला नाही, भिंतीला नाही, सरळ उत्तर आलं.

"शिवेलच शे ना, मामा."

आमच्याकडे सून सासऱ्याला मामा म्हणते, पण लग्नानंतरच्या चार वर्षांत ती आबांशी असं थेट पहिल्यांदा बोलली. मायने तोंडावर पदर धरला, पण हसू ऐकू आलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं, कारण त्यातला निम्मा टाका माझा होता.

टोपी बसवली. दोन्ही मशीन बंद करून चालू केली. पडद्यावर आधी 'बाहेर' आलं, मग थोड्या वेळाने 'आत'. मी फोल्डर उघडला. तीन दिवसांचं काम तिथे होतं. मी बंद पडलेल्या वायरशी झगडत होते त्या दिवसांत वहिनी भांडी आणि रोट सांभाळून, रात्री मी झोपल्यावर फुलं साफ करतच राहिली होती.

आबा खाली बसून टीकडे बघत होते. म्हणाले, "स्टीमची लाइन असते ना मिलमध्ये. पुढे मशीन नसलं तरी शेवटच्या तोंडाला डमी मारायची. तोंड उघडं राहिलं तर सगळ्या लाइनीत प्रेशर बनत नाही. हे तसंच दिसतंय." मी बी.एस्सी., आणि हे मला रंगाच्या मिलमधल्या माणसाने समजावलं. पुढे सरांना विचारलं, तर त्यांनीही जवळपास हेच सांगितलं. फक्त स्टीमच्या जागी सिग्नल म्हटलं.

मी आत जाऊन वहिनीला म्हणाले, "चुकलं माझं."

"माहीत शे," ती म्हणाली. "आता बाहेर जाय, रंग कर. उद्या मंगळवार शे."

त्या आठवड्यानंतर बोळातल्या चकरा संपल्या. कोपऱ्यावरच्या मावशी दोन दिवस विचारत राहिल्या, पोस्टमनबाई आजारी आहे का. खरं सांगायचं तर मला त्या चकरांची आठवण यायची. दिवसातून वीस वेळा तरी डोक्यावर आकाश दिसत होतं, आता तेही उरलं नाही. सकाळी बसलं की जेवणालाच उठणं. वहिनी आत, मी बाहेर, आणि 'बाहेर' हे नाव मी माझ्याच मशीनला कशाला दिलं, याचं मला कधी कधी हसू यायचं. जाळीतून चपला जात राहायच्या. एकमेकींना काही सांगायचं असलं की आम्ही त्याच फोल्डरमध्ये दोन ओळींची फाइल ठेवायचो. आबा झोपलेत, चहा टाकू का. किंवा, तुझं पान कालच्यापेक्षा चांगलं आलंय. भिंतीपलीकडून तिचं हसणं आलं की कळायचं, फाइल पोचली.

मुदतीच्या त्या मंगळवारी टेम्पो आला आणि तयार डिझाइनं घेऊन गेला. मशीन एकही नेलं नाही. दोन्ही कॉम्प्युटर आमच्या घरात राहिले, एकातलं काम दुसऱ्यात दिसत राहिलं, आणि वहिनीला पुन्हा टिकल्यांच्या गाठोड्यासमोर बसावं लागलं नाही.