शेवटचं पान आधी

बसस्टॉपवर शेजारी बसलेल्या मुलीने पुस्तक उघडलं आणि सरळ शेवटचं पान वाचायला घेतलं. कादंबरी माझीच होती, स्वप्नामागे जाणाऱ्या एका गायकाची. मुलीला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

"शेवट आधी वाचतेस?" मी विचारलं.

"धीर येतो, आजोबा. आज राजीनामा द्यायला चाललेय. नाटकात काम करायचंय."

त्या पानावर नायकाचं गाणं संपतं आणि सगळं सभागृह उभं राहतं. तो नायक म्हणजे माझा धाकटा भाऊ. खरं तर तो नोकरी सोडून गाण्यासाठी पुण्याला गेला आणि आवाज कायमचा बसल्यावर घरी परतला. आता वायरिंगची कामं करतो. कादंबरी वाचून म्हणाला होता, "दादा, शेवट झकास. मला आधी कळवायचंस तरी." घरातले सगळे हसले. मीही हसलो आणि पुढे त्याच शेवटासाठी सत्कार घेत राहिलो.

आज हे सगळं मी त्या अनोळखी मुलीला सांगून टाकलं. तिने थांबावं की जावं, माझं मलाच कळत नव्हतं.

तिने पुस्तक मिटलं. "मग त्यांना गेल्याचा पस्तावा होतो का?"

इतकी वर्षं मी भावाची कीव केली, त्याच्यावर पुस्तक लिहिलं. "हे मी त्याला कधी विचारलंच नाही," मी म्हणालो.

"विचारून सांगा हं," म्हणत ती बसमध्ये चढली. बस निघून गेल्यावर लक्षात आलं, तिचं नावही मी विचारलं नव्हतं.