ती आजी आता हयात नाही

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही. इरफानला माहीत आहे, पण त्याला मी सांगितलं नव्हतं — तो तेव्हा शेजारीच बसला होता. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या घरी येणार नाही, मला तोंडावर काही बोलणार नाही, म्हणूनही असेल. भित्रा माणूस आहे मी, ते कळेलच पुढे.

‘धोटा’ — विणायच्या मागावर इकडून तिकडे धावतो तो — हे गाणं तुम्ही ऐकलं असणार. नाव नाही आठवलं तरी सुरुवात आठवेल — आधी माग सुरू झाल्यासारखा खडखडाट, त्यावर एका म्हातारीचा लांब ओढलेला सूर, आणि मग धाडकन गिटार. कॉलेजच्या गॅदरिंगला वाजतं, हळदीला डीजेवर वाजतं, गणपतीत तर विचारू नका. दापोड्याच्या ज्या गोदामात मी ड्युटी करायचो, तिथल्या हमालांच्या फोनची रिंगटोन आहे ती. ते गाणं माझं. लोक तसं म्हणतात आणि मी म्हणू देतो.

खडखडाट इरफानच्या घरच्या यंत्रमाग कारखान्यातला. तो आमच्या बँडचा ड्रमर. धामणकर नाक्यामागे त्यांची एक बंद पडलेली शेड होती, चार-पाच माग तसेच उभे. तिथे आमची प्रॅक्टिस चालायची. आणि तो सूर — तो येसूआत्याचा. माझ्या वडिलांची थोरली बहीण, टेमघरला राहते. ती धवलारीण. म्हणजे हळदीपासून पाठवणीपर्यंत लग्नातल्या एकेका विधीचं गाणं, धवला, म्हणणारी बाई. आमच्याकडे भटजी उशिरा आला तर चालतं. धवलारीण आल्याशिवाय हळद वाटायला घेत नाहीत.

रेकॉर्डिंगसाठी तिला शेडमध्ये आणली तर अडून बसली. मांडव नाही, नवरी नाही, धवला असा उगाच म्हणायचा नसतो म्हणाली. शेवटी इरफान कुठून तरी आंब्याच्या पानांचा टाळा घेऊन आला आणि मागाला बांधला — हा घ्या मांडव. आत्या खळखळून हसली. मग नवरी कुठाय, म्हणाली. मी ड्रम पुढे सरकवला. तिने खरोखर हळद मागवली, ड्रमला पाच बोटं लावली, पदर सारखा केला आणि डोळे मिटून पाठवणीचा धवला म्हणाली. इरफान रडला, मीही रडलो. दुसरा टेक घेतलाच नाही.

गाणं चाललं. एवढं चाललं की मुंबईला स्टुडिओत मुलाखतीला बोलावलं. मुलाखत घेणारी बाई मोठ्या आपुलकीने म्हणाली, तो आवाज ऐकला की अंगावर काटा येतो, कोण आहेत त्या? आम्हाला त्यांना इथे बोलवायचंय.

आता यात काय अवघड होतं हो? माझी आत्या — एवढंच तर म्हणायचं होतं.

मी म्हणालो, “आमच्या गावात एक आजी होती. ती आजी आता हयात नाही.”

शिवाय मानही खाली घातली. त्या बाईचे डोळे भरून आले.  लिफ्टमध्ये इरफान एवढंच म्हणाला, “चाचीला मारलंस तू.”

का बोललो मी तसं? कित्येक वर्षं मी स्वतःची समजूत घातली की लाज वाटली. तिचं ते हाय-न्हाय, मशेरीने काळे झालेले दात, तिच्या त्या दोन खोल्यांत कॅमेरेवाले शिरले असते तर — हे सगळं मनात आलं होतं, खोटं नाही. पण ते अर्धंच. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. आत्या एकदा लोकांपुढे गायली असती ना, तर माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नसतं. गाण्यात जीव तिचा आहे, हे मला त्या शेडमध्येच कळलं होतं. आणि मेलेल्या बाईला कुणी स्टेजवर बोलवत नाही.

शेजारच्या वंदनाने ती मुलाखत आत्याला मोबाइलवर दाखवली. दोन दिवसांनी मी टेमघरला गेलो, पाय ओढत. आत्या ओट्यावर वाल सोलत बसली होती, बाजूला वंदना. मला बघताच वंदना सुरू झाली — आवाज तर आपल्या आत्याचा, बहिरा पण ओळखेल, मग मेली कोण?

 आत्याने वालावरून मान वर केली नाही.

“न्हाय गं,” ती म्हणाली, “माझा न्हाय त्यो आवाज. दुसरी बाय होती. मेली ती.”

मग मला म्हणाली, जेवून जा. आणि मी जेवलो. वालाची भाजी दोनदा मागून घेतली.

त्यानंतर आत्याने गाणं सोडलं. लग्नाचा सांगावा आला की घसा गेला म्हणायची. चल, डॉक्टरला दाखवू, असं मीच तिला म्हणालो — हो, एवढा निर्लज्ज! तिने नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मांडवात तिने तोंड उघडलं असतं तर सगळ्यांनी आवाज ओळखला असता. भाचा खोटा पडला असता.

मग माझं लग्न झालं. हळद वाटायला घेतली तशा बायका तिच्याकडे बघत राहिल्या. तिने गळ्याला हात लावून मान हलवली. सगळे गप्प झालेले बघून डीजेवाल्याने ‘धोटा’ लावलं. मांडवभर आत्याचा आवाज! हळदीच्या वेळी पाठवणीचा धवला, सगळंच उलटं, पण लोक नाचले. आत्या ओठ घट्ट मिटून मला हळद लावत होती.  माईक चार पावलांवर होता, सगळी माणसं आपली होती. तेव्हा तरी बोलायचं की नाही? मी डोळे मिटून घेतले, जसं काही हळद डोळ्यात जात होती.

टेमघरला आता धवला म्हणणारं कुणी उरलं नाही. माझं गाणं लावतात.

गेल्या रविवारी तिच्याकडे गेलो होतो. दार उघडंच होतं. आत मोरीत भांडी घासताना ती एकटीच, अगदी हलक्या आवाजात, कुठलातरी धवला म्हणत होती. माझी चाहूल लागली तशी थांबली. हात पुसत बाहेर आली, चहा टाकला. मी चहा प्यायलो आणि निघालो.