मायनं न उचललेला फोन

माझ्या कथेतली माय शेवटच्या वाक्यात मरते. एवढंच लिहायचं राहिलं होतं. दिवाळी अंकाच्या संपादकांचे तीन फोन येऊन गेले होते आणि मी अमरावतीत टेबलाशी बसून तेच वाक्य लिहीत होते, खोडत होते. लिहिलं की वाटायचं, तिकडे अकोल्यात माझी माय गेली. खोडलं तरी वाटायचं, खोडायला उशीर झाला. मग तिला फोन.

"काहून वो?"

"असाच केला."

"जिवंत हाओ मी. ठेव आता, भाजी करपून राहिली."

दिवसातून वीस-वीस फोन. वेडेपणा आहे हे कळत होतं, पण कळून काय कपाळ फोडायचं? हात ऐकतच नव्हते.

आमच्या घरी तांदूळ कधी 'संपले' नाहीत. माय म्हणायची, "तांदूळ वाढले." संपले म्हटलं की घरात खरंच तोटा येतो म्हणे. तो शब्दच तिच्या तोंडी नव्हता. शब्दाला भ्यायचं मी तिथेच शिकले असेन. फरक एवढाच, की माय 'वाढले' म्हणून पिशवी घेऊन दुकानात निघायची आणि मी जागच्या जागी अडकून बसायचे. डॉक्टरांनी हा ओसीडी, म्हणजे मंत्रचळाचा आजार आहे म्हणून सांगितलं तेव्हा मला आधी रागच आला. इतकी वर्षं मी याला लेखिकेचा चोखंदळपणा म्हणत होते.

गोळ्या सुरू झाल्या. शिवाय डॉक्टर म्हणाले, वाक्य लिहायचं, खोडायचं नाही, फोन करायचा नाही. केलाच, तर आईंनी उचलायचा नाही. मायला हे सांगितलं तर म्हणाली, "हे कोणतं औषध वो बाप्पा?" पण कबूल झाली.

मी वाक्य लिहिलं. पाच मिनिटं दम धरला आणि फोन लावलाच. रिंग वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. नाही. घाबरून रडले, एकटीच मायला वाट्टेल ते बोलले. वाक्य मात्र खोडलं नाही. दुपार कशीबशी गेली. संध्याकाळी भूक लागली तेव्हा लक्षात आलं, तासभर मी फोनकडे पाहिलंच नव्हतं. कथा पाठवून दिली.

रविवारी अकोल्याला गेले. माय मेथी निवडत होती.

"बरं जमलं वो माय तुले, न उचलणं."

"कायचं जमलं? दोन्ही वेळा फोन माह्या हातातच होता. वाटे, पोरीलेच काई झालं असन त? रडत बसली मी."

"मंग उचलला काहून नाई?"

मायनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"तुले गोष्ट संपवाची होती न," ती म्हणाली.