पट्टा कुठल्या अंगाला

“वाचा बघू मोठ्यानं. आकडा काय, आन् पट्टा कुठल्या अंगाला?”

शहापूरच्या आमच्या गल्लीत ज्याचं म्हणून काही बिघडलं, त्याने हे वाक्य ऐकलेलं आहे. दुरुस्तीवाले काका चिमटीत करंगळीच्या पेराएवढा कपॅसिटर धरून तो गिऱ्हाइकाच्या नाकासमोर न्यायचे आणि मान किंचित तिरकी करून वाट बघायचे. तुम्ही वाचल्याशिवाय पुढचं काम नाही. मग तुमची गाडी सुटो की घरी दूध उतू जावो.

माझं शिवणाचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून. मधे नुसता पत्रा, त्यातून शब्द न् शब्द ऐकू येई. ब्लाउजांना हुक लावता लावता माझं ते शिक्षण फुकटात झालं.

एकदा भातसानगरहून एक बाई टीव्ही घेऊन आल्या. काकांनी नवा कपॅसिटर समोर धरला. “हजार एमएफडी, पंचवीस व्होल्ट,” बाईंनी जरा वैतागूनच वाचलं.

“तुमी धरणावरच्या, तुमाला पटकन कळंल,” काका खुलले. “एमएफडी म्हंजे पाणी किती मावतं. व्होल्ट म्हंजे भिंत किती झेलती. भिंत जरा जाड चालंल, पातळ नाय चालायची. आन् हा पांढरा पट्टा म्हंजे मायनस. उलटा बसला का फुगतो, मंग फुटतो. म्हून दोघांनी बघायचं.”

दुरुस्तीला आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक असं शिकून परत जाई. गल्लीत या शाळेची थट्टा भरपूर. मी स्वतः गिऱ्हाइकांना काकांची नक्कल करून दाखवत असे. चहावाला तर रोज कप ठेवताना त्यांच्याच सुरात म्हणायचा, “काका, कान उजव्या अंगाला.” काका हसून बरोब्बर कपाचा कान धरायचे. आम्हीही हसायचो.

मग एका दुपारी खर्डीकडच्या एका पाड्यावरून आजी आल्या. लग्नात धवळे गाणाऱ्या. वयामुळे आवाज मांडवाच्या टोकाला पोचेना, म्हणून गावाने त्यांना माइकचा छोटा स्पीकर घेऊन दिलेला. तो मुका झाला होता आणि दुसऱ्या दिवशी हळद होती. काकांनी खोका उघडला, वर फुगलेला कपॅसिटर बोटानेच हुडकला, तो काढला आणि आजींपुढे धरला. “वाचा बघू मोठ्यानं.”

“मला कुठं रे वाचता येतं?”

काका म्हणाले, “आकडे सोडा. पट्ट्याला काय शाळा लागत नाय. पांढरा पट्टा कुठल्या अंगाला हाय, तेवढं सांगा.”

“तुज्या आंगठ्याशीच हाय की रे,” आजी म्हणाल्या. “तुला दिसत नाय व्हय?”

माझं मशीन थांबलं. मी उठून त्यांच्या दारात गेले. काका तो कपॅसिटर डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन नुसते फिरवत होते, आणि पट्टा तर मला दारातून दिसत होता.

“काका, आकडा मी वाचते,” मी म्हणाले. “मलाही जरा शिकू द्या.”

मी जुन्याचा आकडा वाचला, डब्यातून तसाच नवा शोधून दिला. आजींनी पट्टा कुठे ते सांगितलं. कथलाचा डाग मात्र काकांनीच दिला. त्यांच्या हाताला ती जागा ठाऊक होती. आजींनी माइक तोंडाशी धरून धवळ्याची एक ओळ म्हटली, तेव्हा अख्खी गल्ली दारात आली.

आजी गेल्यावर काका म्हणाले, “बाय, साखरेनं डोळ्याचा पडदा गेलाय गो. कडंकडंचं दिसतं, मधलं धुरकट. कोनाला सांगू नको. पोराला कळलं तर कल्याणला नेऊन बसवील. तिथं मी काय करू, दिवसभर पंखा बघत बसू?”

मी शब्द दिला आणि घरी जाऊन रडले.

पण माझ्या शब्दाची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी चहावाल्याने कप ठेवला, “काका, कान उजव्या अंगाला,” म्हणाला, आणि मी त्याच्याकडे बघतच राहिले. तो हळूच म्हणाला, “ताई, तुमाला आता कळलं?” किराणावाल्याला ठाऊक होतं, झेरॉक्सवालीला ठाऊक होतं. सगळे थट्टा करत वाचून दाखवत होते. माझ्या या गल्लीत एरवी एक गोष्ट पोटात राहत नाही, पण ही राहिली. कल्याणला ती कधीच पोचली नाही.

गेल्या थंडीत काका गेले. आदल्या दिवशीपर्यंत दुकान उघडं होतं. मुलगा आला, सामान आवरताना मला म्हणाला, “नजर मात्र बाबांची शेवटपर्यंत चांगली होती.” मी हो म्हणाले.

परवा त्या आजी पुन्हा स्पीकर घेऊन आल्या. बंद दुकान बघून माझ्या पायरीवर टेकल्या, काका गेल्याचं मी सांगितलं. मग मी त्यांना एसटी स्टँडजवळच्या नव्या कारागिराकडे नेलं. कामाला चांगला आहे. त्याने फुगलेला कपॅसिटर काढला, नवा उचलला, त्यावर एक नजर टाकली आणि बसवायला वाकला. आजींनी त्याच्या हातावर हात ठेवला.

“आधी मोठ्यानं वाच.”

“मला दिसतंय, आजी.”

“दिसू दे की,” आजी म्हणाल्या. “तू वाच. पट्टा मी सांगते.”