पांढऱ्या डोक्याचे दोन पक्षी

सासूबाई अमेरिकेत रेडमंडला आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आल्या, तेव्हा सासरे नागपूरलाच राहिले. बायपास झालेली, त्यात विमानाचं नाव काढलं की चिडायचे. सासूबाईंचा अर्धा जीव तिकडेच.

खालच्या मजल्यावरच्या चिनी मावशींशी त्यांची गट्टी जमली. एकीची भाषा दुसरीला येईल तर शपथ! पाऊस थांबला की दोघी बाकावर बसायच्या. एकदा मावशींनी त्यांना बोटभर उंचीची काचेची बाटली दिली. तिच्यावर फुललेली फांदी आणि पांढऱ्या डोक्याचे दोन पक्षी. मावशींच्या मुलाने मला अर्थ सांगितला: डोकी पांढरी होईपर्यंत नवरा-बायकोची जोडी टिको. सासूबाई चक्क लाजल्या. "ह्यांना दाखवीन," म्हणाल्या.

ही तपकिरीची बाटली असते, हेही मी बोलून गेले.

"अगं बाई! कुणाच्या नाकाची घाण घरात?" त्यांनी ती साबणाच्या गरम पाण्यात बुडवली आणि कापसाची काडी आत घालून खसाखसा घासली. चित्र काचेच्या आतून काढलेलं असतं, हे आम्हाला कुठलं ठाऊक? पाणी ओतलं तर गढूळ आलं. एक पक्षी गेला होता.

सासूबाईंनी ओले हात पदराला पुसले. "ह्यांना फोन लाव."

मी फोनकार्ड खरवडून नंबर लावला. "मी ठणठणीत आहे, झोपू द्या!" सासरे तिकडून खेकसले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं मी किती समजावलं. छे! रोज बाटली उजेडात धरायच्या. "ह्यातला गेला तो कोण गं? तो, का ती?" मला राग यायचा, आणि खरं सांगते, भीतीही वाटायची. शेवटी तिकीट प्रीपोन केलं. बाटली त्यांनी माझ्याकडेच ठेवली. "ह्यांच्या नजरेस पडायला नको."

सासरे त्यांना घ्यायला एअरपोर्टवर गजरा घेऊन उभे होते म्हणे.

दिवाळीच्या आत माणूस गेलं. सासरे नव्हे, सासूबाई. झोपेतच. ती बाटली मला टाकवेना, बघवेना.

पुढच्या वर्षी आम्ही सासऱ्यांना हट्टाने इकडे आणलं. चहा पिता पिता त्यांनी शेल्फवरची बाटली उचलली.

"पक्षी एकटाच?"

"पहिल्यापासून एकटाच आहे, बाबा."

ते बाटली घेऊन खिडकीशी गेले. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले.

"नाही गं," ते म्हणाले. "हा मान वळवून कुणाकडे तरी बघतोय."